मुद्दाम हरलेले डाव

मला भोपाळला आणलं ते शाळेत घालायला. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा तालुक्याला, आणि तिथं मुलीला एकटं कोण पाठवणार, म्हणून चौथीचा निकाल लागल्यापासून मी घरीच होते. त्या उन्हाळ्यात मामा आले. ते भोपाळला पिपलानीत राहायचे, मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनीअर होते. अंगणात बाजेवर बसून, पाण्याचा पेला हातात तसाच धरून ते आईला म्हणाले, "विमलला माझ्याबरोबर दे. क्वार्टरच्या समोरच शाळा आहे. पाचवीत घालतो." मी दाराआड उभी होते. आईनं विचारलं, "जाशील का वं?" मी मान हलवली. लहानपणापासून मला बोलायची फार लाज वाटे. लोक ज्याला बोलणं म्हणतात ते मी बहुतेक मान हलवूनच करत असे. आई त्या दिवशी माझ्याकडे न बघता गहू निवडत राहिली. मला वाटलं, मी जाणार म्हणून तिला वाईट वाटतंय.

शाळा खरोखरच समोर होती. तेवढं खोटं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं फाटक दिसायचं. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई, मधूनमधून स्कूटरी, आणि तो लोंढा ओसरला की निळ्या कपड्यांतल्या मुली पांढऱ्या रिबिनी बांधून फाटकातून आत जात. तोवर माझी कणीक मळून झालेली असे. मामींना दमा होता. बाळू, त्यांचा मुलगा, नुकता रांगायला लागला होता. मामी पुण्याच्या, आमटीत गूळ घालणाऱ्या. मामांना मात्र जेवताना आमच्याकडची ज्वारीची भाकरी आणि झणझणीत ठेचा लागे, आणि तो मामींना कुटता येत नसे, कुटायला बसलं की खोकल्याची उबळ येई. म्हणजे ते काम माझं झालं. मग पोळ्या माझ्या झाल्या. मग बाळूही माझा झाला. दारावर भाजीवाला हाक मारी, "आओ बिटिया, ताज़ी मेथी है," आणि त्याच्याशी घासाघीस करता करता मी हिंदी शिकले. रविवारी मामा बाजारातून कागदात बांधलेले पोहे आणि जिलेबी आणत. पोह्यांवर बारीक शेव असायची, आत बडीशेप. पोह्यात बडीशेप मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं खाल्ली, आणि आज माझ्या हातचे पोहे तिच्याशिवाय होत नाहीत.

मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हे इथं लिहिलं पाहिजे. मामी वेणी घालून द्यायच्या. मामा दिवाळीला त्यांच्या मुलाच्या आधी मला फ्रॉक घेत. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागलं.

मामा लग्नाआधी ट्रेनिंगसाठी काही महिने जपानला राहून आले होते. तिथून त्यांनी एक खेळ आणला होता, गो नावाचा. मधे बिजागरी असलेला लाकडी पट, आणि दोन गोल डब्यांत काचेचे दाणे, एका डब्यात काळे, एकात पांढरे. कारखान्यातले एक साहेब त्यांच्याशी खेळायला येत, पण त्यांची बदली झाली आणि मामांना कुणी उरलं नाही. मामींना तो खेळ म्हणजे रिकामटेकडेपणा वाटे. एका संध्याकाळी मी बाळूला झोपवून बाहेर आले, तर मामा एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते. मला म्हणाले, "विमे, बस इथं. ह्याला अक्षर लागत नाही, डोकं लागतं."

खेळ सांगायला सोपा आहे. पटावर उभ्याआडव्या रेघा असतात, आणि रेघ रेघेला जिथं छेदते तिथं आळीपाळीनं एकेक दाणा ठेवायचा. ठेवलेला दाणा हलवायचा नाही. चारी बाजूंनी घेरला गेला की तो मेला, उचलून घ्यायचा. शेवटी ज्यानं जास्त मोकळी जागा घेरली तो जिंकला. नवशिक्याला सवलत असते. तो काळे घेतो आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच त्याचे काही दाणे पटावर मांडलेले असतात, जास्तीत जास्त नऊ. तो जिंकायला लागला की एकेक दाणा कमी करायचा. मला नऊ मिळाले. पहिले काही महिने मी हरतच होते, पण तरी भांडी घासतानाही माझ्या डोळ्यांसमोर तो पट असायचा. राखेच्या बोटानं मी ताटाच्या बुडाला रेघा ओढत असे. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विचारत होतं की तू आता काय करणार, आणि मान हलवून भागत नव्हतं. दाणा ठेवावाच लागे.

शाळेचं मी विसरले नव्हते. पहिल्या वर्षी मामा म्हणाले, प्रवेश संपले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, तिथं सगळं हिंदीत असतं, आधी हिंदी येऊ दे. तिसऱ्या वर्षी मामींचा दमा वाढला होता, तेव्हा त्यांनी फक्त मामींच्या खोलीकडे बघितलं. मधेही कधी मी शाळेचं काढलं की असंच काहीतरी. दर वेळी मी न्हाणीघरात जाऊन रडत असे. आणि दर वेळी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, मी मामांना हरवत असे. मामा कपाळावर हात मारून घेत, "अरे! मारलंस की गं मला!" आणि पटावरचा माझा एक दाणा कायमचा कमी होई. नवाचे आठ झाले, आठाचे सात. मला वाटे, रडल्यावर माणसाचं डोकं साफ होत असेल, म्हणून मी तेव्हाच जिंकते. हसू येतं आता. पण खरंच असंच वाटायचं. शेवटी मी चार दाण्यांवर आले. त्या घरात माझं म्हणून जे काही होतं, ते हे होतं. शाळेत न जाता मी काहीतरी कमावलं होतं.

मग त्या हिवाळ्यात कारखान्यात एक नवं यंत्र बसवायला जपानहून एक इंजिनीअर आले, आणि मामांनी त्यांना जेवायला बोलावलं. मामींनी दोन दिवस आधीपासून डोक्याला हात लावला होता. "तो भात काड्यांनी खातो म्हणे. मी काड्या कुठून आणू?" त्या माणसानं छान हातानं खाल्लं, श्रीखंड मागून मागून घेतलं. जेवणानंतर पट निघाला. पाहुणा मामांहून फार वरचा, त्यामुळे मामांनी सवलतीचे दाणे घेतले आणि दोघं खेळायला बसले. मी सुपारीची तबकडी घेऊन गेले आणि तिथंच उभी राहिले.

ते मामा मी कधी पाहिलेच नव्हते. पाठीचा बाक गेला होता, ओठ घट्ट मिटले होते. ते पाहुण्याच्या दोन दाण्यांच्या मधोमध घुसत होते, जोड तोडत होते, स्वतःचे मरणारे दाणे तिथंच सोडून दुसरीकडून हल्ला करत होते. माझ्याशी खेळताना ते गप्पा मारायचे, बाळूला मांडीवर घ्यायचे, आणि कुठंतरी त्यांचा एक मोठा घोळका उघडा पडायचा, तो मी मारायची. पाहुण्यासमोर त्यांचं काहीच उघडं पडत नव्हतं. ते हरले, पण थोडक्यात. मग मला म्हणाले, "बस, बस. माझी भाची. चार दाण्यांवर खेळते." पाहुण्यानं मला चार दाण्यांवर इतक्या लवकर संपवलं की मामींची भांडीही आवरली नव्हती. मग त्यानं हसून नऊ मांडले. पुन्हा तेच. तो इंग्रजीत मामांना काहीतरी म्हणाला, मामा हसले, आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून आत गेले.

"रडतेस काय?" मामी म्हणाल्या. "तो तिकडचा माणूस. पाळण्यात असल्यापासून खेळत असेल."

"मामा पण तसेच खेळले," मी म्हटलं. "माझ्याशी तसे खेळत नाहीत."

"कसे खेळतील? तू टिकशील का?" मामी श्रीखंडाचं पातेलं निपटत होत्या. "मीच म्हटलं होतं ह्यांना. पोर शाळेचं काढते आणि तोंड पाडून बसते, तर हरा की तिच्याशी एखादा डाव. तुमचं काय जातं? आणि जिंकलीस की किती बाई छान असायचीस तू. गाणं म्हणत पोळ्या लाटायचीस." मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "अगं, मला वाटलं तुला ठाऊक आहे. गमतीत चाललंय तुमचं."

गावात आम्ही लगोरी खेळायचो तेव्हा कुणाचं तरी शेंबडं धाकटं भावंड मधे येई. त्याला हाकलता येत नसे, म्हणून त्याला कच्चा लिंबू करायचं. तो आमच्याबरोबर धावतो, ओरडतो, चेंडू लागला तरी बाद होत नाही. सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्यालाच नसतं. तो घरी जाऊन आईला सांगतो, मी आज एकदाही बाद झालो नाही. मी त्या घरात वर्षानुवर्षं कच्चा लिंबू होते.

त्यानंतर माझा खेळ बसला. म्हणजे मी खेळत होते, मामा हाक मारत आणि मी जाऊन बसे, नाही म्हणायची मला कुठं सवय? पण दाणा उचलला की कळेना कुठं ठेवायचा. चांगली जागा दिसली की वाटे, ही मला दिसावी म्हणून ठेवली असेल. वाईट जागा दिसली की वाटे, इथं ठेवला तरी हे सांभाळून घेतील. चार दाण्यांवर हरले, पाचावर हरले, सहावर हरले. आधी जे सहज दिसायचं तेही दिसेना. मामा म्हणाले, "हिला झालंय काय? दृष्ट लागली वाटतं जपान्याची." आणि ते मला जिंकवायला बघू लागले. आता मला ते कळत होतं. पटाच्या कोपऱ्यात पांढऱ्या दाण्यांचा एक घोळका त्यांनी असा सोडला की माझ्या एका दाण्यानं तो मेला असता. मी तिथं ठेवला नाही. दुसरीकडे, काही उपयोग नाही अशा जागी ठेवला. मामांनी तो घोळका आणखी उघडा टाकला. मी आणखी लांब ठेवला. बघणाऱ्याला वाटलं असतं, ह्या दोघांना खेळ येत नाही. दोघंही जिवाच्या आकांतानं हरायला बघत होतो.

शेवटी मामा चिडले. "अगं, हे समोर मरतंय, ते सोडून तिकडे काय करतेस?"

"ते तुम्ही ठेवलंय," मी म्हटलं.

मामांचा हात डब्यात तसाच राहिला. दाणे एकमेकांवर घासल्याचा आवाज आला आणि थांबला.

"मामींनी सांगितलं मला."

"बरं मग?" ते म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून केलं. वाईट काय केलं?"

"आणि शाळा?"

मी हे विचारलं कसं, मलाच कळलं नाही. मामांनी पटाकडे बघत सांगितलं, "शाळेचं माझ्यावर का ढकलतेस? तुझ्या आईलाच विचार. तीच म्हणाली, शाळेचं नाव घे, म्हणजे पोरगी येईल. नाहीतर यायची नाही. चार मुली तुम्ही, कुठं पुरी पडणार ती?"

गहू निवडताना आई माझ्याकडे का बघत नव्हती ते मला तेव्हा कळलं. मामींचं मला लागलं होतं, मामांचं त्याहून जास्त, पण हे कुठं लागलं ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. पुढं आईला मी कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हाही विचारलेलं नव्हतं. मला एक मुलगा आणि दोन मुली झाल्या, मुलींनाही मी हट्टानं कॉलेजपर्यंत शिकवलं, आणि थोरलीच्या पदवीच्या दिवशी आई पेढे खात म्हणाली, "तुले शाळेची लई हाऊस होती वं." मी तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. दुसरं काय करणार होते?

त्या बोलण्यानंतर बरेच दिवस पट निघाला नाही. मामा पेपर वाचत. मी शिवण करत बसे. बाळू दाण्यांचे डबे वाजवी तेव्हा मला ते आवाज सहन होत नसत, आणि तरी मी तिथून उठत नसे. खेळ माझ्यावर रुसला नव्हता, त्यानं मला फसवलं नव्हतं, हे हळूहळू लक्षात आलं. फसवलं होतं माणसांनी. एका संध्याकाळी मी स्वतःच पट काढला आणि काळे दाणे मांडले. नऊ.

"नऊ?" मामा म्हणाले.

"नऊ. पण खरं खेळायचं. त्या पाहुण्याशी खेळलात तसं."

"रडशील."

"रडले तरी डाव सोडायचा नाही."

ते खेळले. खरं खेळले, हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण पटावर काळं काही फारसं उरलंच नाही. उन्हाळाभर मी हरले. खिडकीत कूलर घरघरायचा, वाळ्याचा वास यायचा, आणि मी हरायची. मामा आता गप्पा मारत नव्हते. पण ह्या हरण्यावर भार टाकून उभं राहता येत होतं. ते खोटं नव्हतं.

दुपारी मामी आणि बाळू झोपले की मी आदल्या दिवसाचा डाव आठवून पुन्हा मांडत असे. एका दुपारी तसं मांडता मांडता दिसलं, की मामांनी पांढरा ठेवला की माझा काळा लगेच त्याच्या शेजारी हजर. दर वेळी. विमल म्हटलं की आले, पाणी म्हटलं की आणलं, बाळू म्हटलं की उचलला. पटावरही मी तेच करत होते. मामा जिकडे बोट दाखवत तिकडे धावत होते, आणि ते मला धावायला लावून सगळा पट घेत होते. मी कितीतरी वेळ ते दाणे बघत राहिले. आतून मामींनी हाक मारली. त्या दिवशी पहिल्यांदा मी लगेच उठले नाही.

त्यानंतर त्यांनी ठेवला की मी आधी विचारायची, मला जायलाच हवं का? बहुतेक वेळा जायला नको असायचं. मी माझ्या मनाच्या जागी ठेवायची. मामा त्यांच्या दाण्यावर बोट आपटत, "हे बघितलंस ना?" मी म्हणे, "बघितलं." आणि ठेवायची तिकडेच. तरी हरले, पण आता थोडक्यात. पावसाळा संपता संपता, नऊ दाण्यांवर, मी जिंकले.

मामांनी जागा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "छान," म्हणाले आणि उठले. कपाळावर हात मारला नाही, मारलंस की गं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हात पुसत बाहेर आले, तर पट जागेवर नव्हता. माळ्यावर ट्रंकेमागे गेला होता. "आता मोठी झालीस तू," मामा पेपरातून म्हणाले. "खेळ पुरे. तुला बघायला येणार आहेत." आणि तिथंच माझ्या मनात किडा शिरला. स्थळ आल्याचं त्याच आठवड्यात कळलं होतं, मी त्यावरून रडले होते, मामींनी ते पाहिलं होतं. म्हणजे हाही डाव मला दिलेलाच होता का? जाता जाता शेवटचा? पोर हसत बोहल्यावर चढावी म्हणून?

कारखान्यातल्याच एका फिटरशी माझं लग्न झालं. माणूस चांगला मिळाला. पण तो किडा गेला नाही. पुढं लग्नाकार्यांत मामा चारचौघांत सांगायचे, "हिला मी जपानचा खेळ शिकवला होता. मुद्दाम हरायचो, तर ही काय ऐटीत फिरायची!" सगळे हसत. मीही पदर तोंडाला लावून हसत असे. "सगळेच डाव मुद्दाम हरलात का?" एवढं विचारायला मला तोंड नव्हतं. मामा गेले, आणि विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात मामी चार दिवस भोपाळातच अवधपुरीला, माझ्या मुलाकडे राहायला आल्या. आता त्यांना कमी ऐकू येतं, दमा मात्र गेला, आश्चर्य आहे. आम्ही गच्चीत उन्हात मटार सोलत बसलो होतो. माझी नात रेवा मोबाइलवर तोच खेळ खेळते, कुठल्याशा मैत्रिणीनं शिकवला. ती वैतागून म्हणाली, "आजी, मी अटकलेय यार. महिनाभर रँक हललीच नाही."

"तुझ्या आजीला विचार," मामी म्हणाल्या. "हिनं एकदा ह्यांना असं हरवलं होतं, की ते जेवले नाहीत."

"कधी?" मी विचारलं.

"अगं, पट माळ्यावर टाकला ना, त्याच्या आदल्या दिवशी. मी ताट वाढलं तर म्हणाले, पोट बिघडलंय. कसलं पोट? चार दिवस माझ्याशीसुद्धा धड बोलत नव्हते."

"मुद्दाम हरले असतील."

"छे! मुद्दाम हरले की दोन भाकरी जास्त खायचे."

रेवा हसायला लागली. माझ्या हातातली शेंग फुटली आणि दाणे ताटात न पडता गच्चीभर झाले. मी ते गोळा केले नाहीत.

"मग माझ्याशी खेळायचं का सोडलं त्यांनी?" मी मोठ्यानं विचारलं, मामींना ऐकू जावं म्हणून.

मामींनी माझ्याकडे बघितलं. मला अजून काही कळत नाही याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"म्हणूनच तर सोडलं, वेडे."